बिनवाघाचा डोंगर

शुक्रवार, ६ जून

दिव्यानी, आधी माझं नाव लिही, नाहीतर उद्या कोणी म्हणेल वही तुझीच आहे. गुणाबाई, मुखरूची बायको, ब्रह्मपुरीजवळच्या धानवाल्यांची.

मला अक्षर येत नाही, अंगठा येतो. म्हणून मी बोलते आणि नातसून लिहिते. ती वरोऱ्याची, कापूसवाल्यांची पोर. माझी भाषा जरा धुऊन लिहिते म्हणाली. धू बाई. पण माणसं बोलली तसं राहू दे, आणि मी थुंकले तर थुंकले असंच लिही.

माझा बुढा मुखरू होता तोवर रोज संध्याकाळी दिवसभराचं त्याला सांगायची. तो हूं हूं करायचा. वही हूंसुद्धा करत नाही, पण मधेच घोरत नाही.

या स्कॉटलंडात येऊन आठवडा झाला. आदेश, माझा नातू, इथे पवनचक्क्यांच्या हापिसात इंजिनीअर आहे. एकदा येऊन पाहून जा आजी, म्हणून मागे लागला होता. पाहिलं. न्हाणीघरात गालिचा आहे. ओल्या पायांनी त्यावर उभं राहिलं की भिजलेल्या कुत्र्याच्या पाठीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. संडासात पाण्याऐवजी कागद. त्यावर जास्त बोलत नाही, दिव्यानीला अजून जेवायचं आहे. शेजारीण कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावते आणि त्याच तोंडाने मला हॅलो करते. सूर्य रात्री दहापर्यंत आभाळात लटकतो. घरी जायची लाज नाही आणि ऊब द्यायचं कामही करत नाही.

चहाबद्दल उद्या बोलू. आज तोंड खराब करायचं नाही.

रविवार, ८ जून

चहा बिनसाखरेचा असतो, आणि त्यात थंड दूध ओततात. झालं बोलून.

आज आदेशने एक डबा फोडून काहीतरी काळं, रवाळ गरम केलं. हॅगिस म्हणतात. मेंढीचं काळीज आणि फुप्फुस बारीक करून, पीठ मिसळून, तिच्याच पोटात शिजवतात. आमच्याकडे बकऱ्याची वजडी खातात, मी नावं ठेवत नाही. पण आम्ही ती धुतो, घासतो, लसूण-तिखट घालतो. यांनी मेंढीला मारलं आणि वरून तिचा अपमान केला. एक घास तोंडात घेतला आणि थुंकायला जागा शोधत हिंडले, तर घरभर गालिचा.

आदेश मात्र खात होता. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू.

"आवडत नाई तं काऊन खाते रे बाबू?"

"सवय करून राह्यलो, आजी. शनिवारी तिथं वाढलं तं तोंड वाकडं नाई झालं पाहिजे."

तिथं म्हणजे डोंगरावरच्या गोल्फच्या क्लबात. शनिवारी त्यांचा पाहुण्यांचा दिवस आहे. क्लबातला प्रत्येक जण एक पाहुणा आणतो आणि दोघं जोडीने खेळतात. आदेशच्या हापिसात डंकन म्हणून एक मोठा साहेब होता, आता घरी बसलाय. त्याने आदेशला पाहुणा म्हणून बोलावलंय. आदेश नीट खेळला तर डंकन त्याचं नाव पुढे करणार. आतल्या माणसाने नाव घेतल्याशिवाय त्या क्लबात बाहेरच्याला घेत नाहीत म्हणे.

"आन घेतलं तं काय होते? धान देतेत का तिथं?"

आदेशने काटा खाली ठेवला. "सात वर्षं झाली मले इथी. हापिसात सगळे हसतेत, बोलतेत. पाच वाजले का संपलं. सात वर्षांत एका मानसानं घरी ये म्हनलं नाई, आजी. घोटभर चहाले नाई."

आमच्या गावात शेजारच्या शेतवाल्या नथ्थूच्या घरी कोणी चहाला जात नाही, आणि सगळ्यांना माहीत आहे का जात नाही. माझ्या पोराने यांचं काय केलं?

बुधवार, ११ जून

आदेश हापिसातून येतो आणि मागच्या अंगणात काठी हलवत राहतो. काठी हलवणं मला चालेल. त्याचं हसणं मला चालत नाही. आज डंकनचा फोन आला होता. तिकडून डंकन काहीतरी बोलला की इकडे आदेश हा हा हा करायचा, फोन ठेवला की तोंड पुन्हा लाकडाचं. हे हसणं त्याच्या बापाचं नाही, आजाचं नाही. कुठून विकत आणलं कोण जाणे. ऐकून माझ्या अंगावर झुरळ चढल्यासारखं झालं.

डंकन त्याला एडी म्हणतो. आदेश म्हणायला त्यांच्या जिभेला त्रास होतो म्हणे. तरण्याताठ्या पोराला येडी म्हणतात आणि हा ओ देतो.

रविवार, १५ जून

काल थकले होते, म्हणून कालचं आज सांगते.

सकाळी मी त्याच्या काठ्यांना आणि चेंडूंना कुंकू लावलं. पोळ्याला बैलाला लावतो, दसऱ्याला नांगराला लावतो, मग या काठ्यांनी काय पाप केलंय? आदेश ओरडला आणि सगळं पुसून काढलं. दिव्यानी म्हणाली, "एका चेंडूवर राहू दे ना, आजीले बरं वाटन." तेवढा एक राहू दिला.

डोंगर पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. पाणी आहे, माती काळी आहे, उतार असा की एकाखाली एक धानाच्या बांध्या पाडून अख्खं गाव धान खाईल. आणि यांनी काय लावलंय? गवत. त्याची रोज दाढी करतात आणि कापलेलं गवत फेकून देतात, ढोरालाही घालत नाहीत. आमच्याकडे एखाद्याने असं केलं तर बायको त्याला बाहेरवासा झाला म्हणून उतारा करेल. वर जागोजागी खड्डे खणून त्यात रेती भरलीय. वैनगंगेची रेती लोक रात्री चोरून नेतात. इथे ती डोंगरावर नेऊन खड्ड्यात टाकतात, आणि चेंडू त्यात पडला की कपाळाला हात लावतात.

प्रत्येकाजवळ पिशवीभर काठ्या. मी विचारलं, "वाघ कुठी हाये?" आदेश म्हणाला, "या देशात वाघ नाई, आजी." वाघ नाही आणि एवढ्या काठ्या. आमच्याकडे बाया मोहफुलं वेचायला रिकामी टोपली घेऊन जातात, आणि वाघ असतो.

डंकन मात्र बरा माणूस. लाल नाकाचा. मला बॅटरीच्या गाडीत बसवून फिरवलं. पण मध्येच तो आणि दुसरा एक पांढऱ्या केसांचा माणूस झुडपाआड जाऊन मोकळे झाले आणि हात न धुता त्याच हातांनी मला बिस्कीट दिलं. बिस्कीट मी डोंगराला दिलं.

तिथे जीन नावाची एक म्हातारी होती, माझ्याच वयाची, पुरुषाच्या बुटांची. ती आपल्या बहिणीला पाहुणी घेऊन खेळत होती. वाऱ्याने माझे दात वाजत होते. जीनबाई आली, काही न बोलता आपली घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकली आणि गेली. घोंगडीला कुत्र्याचा वास. नाक धरून पांघरली. ऊब चांगली होती.

शेवटचा खेळ एका टेकाडावरून होता. खेळणारे टेकाडाच्या पलीकडे खाली उभे राहतात आणि चेंडू आंधळा वर मारतात. झेंडा आणि भोक टेकाडाच्या अलीकडे. खेळून झालं की अलीकडची घंटा वाजवायची, म्हणजे मागचे लोक चेंडू मारतात. डंकनने मला त्या घंटेजवळच्या बाकावर बसवलं आणि ते सगळे पलीकडे गेले. मी एकटी.

तेवढ्यात वरून चेंडू आला आणि बाकाजवळच्या झुडपात शिरला. पिवळ्या फुलांचं झुडूप, बाभळीलाही दया यावी असे काटे. वाकून पाहिलं तर चेंडूवर कुंकू. माझ्याच पोराचा. काट्यात वासरू अडकलं तर आपण काय बघत बसतो? मी हात घातला, मनगट सोलून निघालं, पण चेंडू काढला. भोकातच टाकणार होते, मग म्हटलं तो हावरेपणा होईल. म्हणून चार हात अलीकडे, दाढी केलेल्या गवतावर ठेवला आणि घोंगडी ओढून बसले.

ते वर आले तेव्हा आदेशचा चेहरा असा फुलला की लग्नातही फुलला नव्हता. डंकनने त्याच्या पाठीत थाप मारली. दगडाला लागून उसळला असेल, असं म्हणत होते म्हणे. त्या एका चेंडूने त्यांची जोडी जिंकली. जीनबाईची जोडी एका फटक्याने मागे राहिली. चांदीचा कप मिळाला, माझ्या चहाच्या कपाएवढा. डंकन म्हणाला, पुढच्या शनिवारी चहाला या, तेव्हा एडीचं नाव सगळ्यांपुढे सांगतो.

दिव्यानी, काऊन थांबली? लिही ना.

दिव्यानीने पेन खाली ठेवला. मग मला समजावलं. ते आता तिने लिहिलंय, मी पुन्हा म्हणायला लावलं.

"आजी, चेंडू जिथं पडला तिथूनच मारा लागते. दुसऱ्यानं हात लावला तं खेळ खोटा होते."

"काट्यात पडला तरी?"

"काट्यात पडला तरी. तोच तं खेळ आहे."

"मंग हे धुरा सरकवनं झालं."

"हो, आजी."

आमच्या आणि नथ्थूच्या बांधीमध्ये एक धुरा आहे, मातीचा बांध. नथ्थू दर वर्षी नांगरताना तो आमच्या बाजूला बोटभर सरकवतो. बोटभरच. बुढा मरेपर्यंत त्याने आमचं नांगराचं पूर्ण तास गिळलं होतं. गावात त्याला कोणी चोर म्हणत नाही. फक्त त्याच्या घरी कोणी चहा पीत नाही.

आज मी जेवले नाही. मनगटावरचे ओरखडे पदराने झाकून ठेवलेत.

सोमवार, १६ जून

दिव्यानीने काल संध्याकाळीच आदेशला सांगितलं. आज तो माझ्यापुढे येऊन बसला. मला वाटलं, हा आता रडेल, मी समजूत घालेन, कप परत देऊन येऊ.

तो म्हणाला, "कोनं पाह्यलं?"

गावात पंच बसले की नथ्थूही हेच म्हणतो. तेच दोन शब्द, तीच मान वाकडी. माझ्या मांडीवर वाढलेल्या पोराच्या तोंडातून नथ्थू बोलला. हॅगिस परवडलं.

"मी पाह्यलं," मी म्हटलं. "मीच केलं आन मीच पाह्यलं."

"तुले खेळ समजत नाई, आजी. तू गप राह्य. शनिवार होऊन जाऊ दे."

बुधवार, १८ जून

दोन दिवस विचार करत राहिले. एक चेंडू. कोणाचं घर बुडालं? जीनबाईकडे असे दहा कप असतील. आणि पोराला सात वर्षांत पहिल्यांदा कोणी चहाला बोलावलंय, तर आजीनेच रस्त्यात आडवं पडायचं? बुढा असता तर म्हणाला असता, गुणा, तू चेंडूला हात लावलास तेव्हा कोणाला विचारलं होतंस?

मग गप्प बसावं असं ठरवलं. दुपारी कपाट उघडलं तर जीनबाईची घोंगडी. परत द्यायची राहिली होती. तिचा वास आला आणि ठरवलेलं मोडलं.

रविवार, २२ जून

काल चहा झाला. दिव्यानी, काही न गाळता लिही.

क्लबात मोठी खोली. भिंतीवर मेलेल्या साहेबांचे फोटो. बायका-माणसं बूट घालूनच बसलेली. मधल्या टेबलावर कप, कपात तो कुंकवाचा चेंडू. डंकनला ते कुंकू फार आवडलं होतं म्हणे, म्हणून पुसू दिलं नव्हतं. आदेशने घरीच बजावलं होतं, "आजी, तू फक्त हसजो." डंकन उठून काही बोलणार, तेवढ्यात मीच उठले.

मी म्हटलं, "भाऊ, बाई, आयका. चेंडू काट्यात पडला होता. मी काढून बाहेर ठेवला. मले मालूम नव्हतं, पन केलं मीच. हा कप जीनबाईचा हाये." आणि आदेशकडे पाहिलं, की सांग यांना.

आदेश उठला. लांबलचक बोलला, हसत हसत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चोरी कबूल केल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. मला त्यांची भाषा येत नसेल, पण अक्कल गेलेली नाही. माझं बोलणं त्याच्या तोंडात जाऊन दुसरंच होऊन बाहेर पडलं होतं. नंतर दिव्यानीने सांगितलं, तो म्हणाला होता, आजीला तुमचा डोंगर फार आवडला, ती तुम्हा सर्वांना आशीर्वाद देते.

मी कपातून चेंडू काढला. खिडकीत गुलाबाची कुंडी होती. चेंडू तिच्या काट्यांत खुपसला. मग हात घालून बाहेर काढला, गालिच्यावर ठेवला आणि छातीवर हात मारून दाखवलं, मी. मनगटावरचे ओरखडे दाखवले. याला भाषा लागत नाही. डंकनची भुवई वर गेली.

तेव्हा आदेशने हळूच काही म्हटलं आणि कपाळाजवळ बोट फिरवलं.

सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. बाजारात वेडी बाई दिसली की लोक असेच मऊ होतात. जीनबाई उठून आली, माझा हात हातात घेऊन थोपटू लागली. माझा नातू मला वेडी म्हणाला होता, एका कपासाठी. मला त्याच्याकडे बघवेना. पाल अंगावर पडली की कसं होतं, तसं झालं.

मग दिव्यानी उठली. इंग्रजीत दोनच वाक्यं बोलली. पोरी, काय बोललीस ते लिही. नको म्हणते. माझ्या वहीत माझी चालते, लिही.

"आजींचं डोकं ठीक आहे. त्यांनी मला रविवारीच सांगितलं होतं, आणि मी आदेशला."

डंकनने आदेशकडे पाहिलं. आदेश आपल्या चहात बघत होता, जसा काही चहात तळ शोधतोय. डंकनने कप उचलून जीनबाईपुढे ठेवला. तिने कपाला हात लावला नाही. खाली वाकून चेंडू उचलला, खिशात टाकला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मी घोंगडी तिच्या खुर्चीवर ठेवली. आदेशचं नाव कोणी घेतलं नाही.

गाडीत आदेश एवढंच म्हणाला, "झालं समाधान?" दिव्यानीला म्हणाला की मला, कळलं नाही.

शुक्रवार, २७ जून

आज परत निघायचं. या आठवड्यात आदेश घरात पाहुण्यासारखा राहिला. हसणं बंद झालंय. ते विकतचं हसणं गेलं ते बरं झालं, पण त्याच्या जागी काही आलं नाही.

दिव्यानी त्याच्याशी बोलते, पण मीठ कमी. तिने बॅगेत साखर भरून दिली, विमानातल्या चहासाठी.

मी चूक केली का? चेंडू काढला ती केली. बाकीचं मला ठरवता येत नाही. आदेश पाया पडायला आला तर डोक्यावर हात ठेवेन. अजून शिसारी येते, पण डोकं त्याचंच आहे, लहानपणी उवा मीच काढल्यात.

रविवार, २७ जुलै

आता मी गावात, दिव्यानी तिकडे. मी फोनवर बोलते, ती लिहिते.

धानाचा रोवणा चालू आहे. चिखलात उभी राहिले आणि महिन्याभराचा गालिचा पायांतून उतरला. नथ्थूने या वर्षीही धुरा खाल्लाय, बोटभर. काल त्याने चहाला हाक मारली. मी म्हटलं, "नको भाऊ, पोट बिघडलं हाये."

दिव्यानीने आज एक सांगितलं. आदेश एका रविवारी न सांगता घरातून गेला. जीनबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. काय बोलला ते त्याने दिव्यानीलाही सांगितलं नाही. जीनबाईने त्याला बराच वेळ दारातच उभं ठेवलं. मग आतून कातर आणि जाड हातमोजे आणून दिले. तिच्या मागच्या अंगणात तीच पिवळी काटेरी झुडपं माजलीत. संध्याकाळी आला तेव्हा कोपरापर्यंत ओरबाडलेला. मी विचारलं, "मंग, संपलं?"

"नाई ना, आजी. दर रविवारी जातेत आता. झुडपं तं केव्हाचीच कापून झाली. आता कुंपन दुरुस्त करून राह्यले."

म्हणजे फुकटची वेठबिगारी. माझं पोर इंजिनीअर आहे, त्याला म्हातारीने सालदार करून ठेवलंय. जीनबाईबद्दल माझं मत चांगलं होतं, ते थोडं खाली आलं.

"चहा तरी देते का ती?"

"देते ना. सैपाकघरात, तिच्यासंगं टेबलावर बसवून. बिनसाखरेचा."

"मंग शिक्षा बराबर चालू हाये."

"आन आजी, तिचा कुत्रा ह्यांच्या मांडीवर येऊन बसते. तोंड चाटते. हे हाकलतही नाई."

शी. दिव्यानी, हसू नको. शी, असंच लिही.